अडॅप्टर बरोबरच होता, भाऊजी

“अडॅप्टर कोणी लावला? मी विचारतोय, अडॅप्टर कोणी लावला?”

भाऊजी, हे तुम्ही ओरडत होता. तुमचा चढलेला आवाज मी उभ्या आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला. एरवी तुमचं बोलणं म्हणजे वर्गातला खडू, संपेल म्हणून जपून वापरलेला. पण त्या दसऱ्याला अकोल्याच्या आमच्या ओसरीत तुम्ही असे ओरडलात की झेंडूच्या ढिगावरच्या चिमण्या उडाल्या, त्या थेट तेल्हाऱ्याला जाऊन उतरल्या. पूजेला विळे मांडले होते, तराजू होता, फवारणीचा पंप होता, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर होता, आणि मधोमध पाटावर तुमचा तो विलायती कॉम्प्युटर. कपाळाला कुंकू, पाठीवर आपट्याचं पान, आणि बुडातून धूर.

“दामूनं लावला,” कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या हातात वायर होती. एकीकडे वायर धरलेला माणूस, दुसरीकडे धूर सोडणारा डबा. मधलं काही शोधायची तसदी मग कोणी घेत नाही.

“भाऊजी, बरोबरच लावला मी. तुमीच देल्ला ना हातात.”

“दोन्ही अडॅप्टर काळे आणि चौकोनी होते, दामोदर. तू टेपरेकॉर्डरचा लावलास.”

झालं. तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. तुम्ही अमरावतीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे, मोजून बोलणारे, घरचे जावई. मी फुलबाजारात हर्रासाच्या बोलीला गळा फाडणारा, शिळ्या झेंडूवर पाणी मारून ‘आत्ताच तोडला’ म्हणणारा तुमचा साळा. धारणीला जाताना जीप इतकी भरली होती की ड्रायव्हर बाहेरून पळत पळत स्टेअरिंग फिरवत होता, हे मी शपथेवर सांगितलेलं. अकोल्याच्या उन्हात टिनावर ठेवलेला रेडिओ वितळला आणि बासरीचा कार्यक्रम सनईत निघाला, हेही मीच. असा माणूस म्हणतो की अडॅप्टर बरोबर होता. कोण ऐकणार?

परवा तुमची तेरवी झाली. तुमच्या कॉलेजातले एक सर बोलायला उभे राहिले. हातात रुमाल, आवाज भरलेला. म्हणाले, “हा माणूस आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाही.” मांडवातल्या माना हलल्या. ताईची हलली, माझ्या पोरीची हलली. मी तोंड मिटून बसलो. मी गप्प बसलेला पाहून लोकांनी मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, दुःखानं वाचा गेली. पोरीनं माझा हात दाबला. भाऊजी, दुःख होतंच. पण वाचा गेली ती दुःखानं नाही. त्या रुमालवाल्या सरांच्या हातून माईक ओढून घ्यावा असं मला वाटत होतं, आणि घेतला असता तरी काय झालं असतं, तेही मला ठाऊक होतं.

म्हणून हे लिहितो. तुम्हाला उलटून बोलता येत नाही, आणि मला खोटं बोलायचं कारण उरलं नाही. वरच्या चिमण्या सोडून द्या. त्या फार तर शेजारच्या कडुलिंबावर बसल्या असतील.

तो डबा आला तेव्हा तुम्ही किती बदलला होता! कोण्या नातलगानं परदेशातून आणलेला, पाटीएवढा, काळा कुळकुळीत. त्याचीच कळपाटी, तोच कॉम्प्युटर. रबराची बटणं, म्हशीच्या जिभेसारखी मऊ. त्याला स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडायचा. स्वतःची आठवण नाही, बंद केला की सगळं विसरला. मग कॅसेट लावायची आणि ती किर्रर्र किर्रर्र ओरडली की तो पुन्हा शहाणा व्हायचा. त्या आवाजाला ताई म्हणायची, “रातकिड्याच्या लग्नात रेडिओ बिघडला वाटते.” मी त्याचं नाव काळी ठेवलं. गोठ्यात दुभती असते तसं. तुम्ही म्हणालात, “दामोदर, यंत्राला नाव देऊ नये.” आठवड्याभरात तुम्हीच विचारायला लागलात, “काळीवर कापड टाकलं का?”

मला तुम्ही दोन ओळींचा मंत्र शिकवला होता. पहिली ओळ सांगते, अमुक अक्षरं छाप. दुसरी ओळ सांगते, पुन्हा पहिलीकडे जा. एवढ्यावर काळी थांबायची नाही, पडदा भरून वाहायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही अकोल्याला आलात, टीव्ही जोडलात, आणि आमच्या बाबांचं नाव टाकलंत. वरून खाली नुसतं बाबांचं नाव! बाबांनी आयुष्यात स्वतःचं नाव फक्त फुलांच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं पाहिलं होतं. थोडा वेळ बघितलं आणि घाबरून म्हणाले, “बस करा जवाईबुवा, सरून जाईन ना!”

म्हणूनच त्यांनी दुसऱ्या दिवशी हट्ट धरला. “हे तुमचं हत्यार होये. हत्याराची पूजा कराच लागते.”

“बाबा, हे विजेवर चालतं. याला ओलं चालत नाही.”

“विहिरीची मोटर काय शेणावर चालते? तिले दरसाल दुधाचा हात लागते. अजून मेली नाही.”

आमच्या घरची ती रीत तुम्हाला माहीत होती. माळ्याच्या घरात दसऱ्याला प्रत्येक हत्याराला कच्च्या दुधाचा थेंब लागला पाहिजे, आणि जावई घरात असला तर पहिला हात जावयाचा. तुमच्या वर्गात हे कोणी केलं असतं तर तुम्ही त्याला बाहेर उभं केलं असतं. पण समोर सासरा. तुम्ही हातात गडू घेतलात. “फक्त शिंतडतो,” म्हणालात.

त्या वेळी मी कुठे होतो? टीव्हीच्या मागे, उकिडवा, वायर घेऊन. ओसरीतली सगळी माणसं काळीचं तोंड बघत होती आणि मी एकटा तिची पाठ बघत होतो. त्या पाठीला एक लांबट खाच होती, उघडी, आत पिवळ्या पट्ट्या चमकणारी. जोडणीसाठी ठेवलेली खाच, तिला ना झाकण ना पडदा. बाबा पाठीमागून म्हणाले, “सांडू द्या थोडं, कंजुषी नोका करू,” आणि लॅबमध्ये केसाएवढी तार न हलू देणारा तुमचा हात हलला. गडूतून दुधाची धार निघाली, डब्याच्या पाठीवरून ओघळली आणि त्या खाचेत गेली. मी पाहिली. तुम्हीही पाहिली. तुम्ही उपरण्यानं वरवर पुसलंत, माझ्याकडे अडॅप्टर सरकवलात आणि म्हणालात, “लाव.”

तुम्हाला वाटलं असेल की आत काही गेलं नाही. लोकांसमोर थांबायला, उघडून वाळवायला लाज वाटली असेल. ते मी समजून घेतो. माणसाचा हात हलतो, माणसाला लाज वाटते. मी लावला, धूर निघाला, आणि त्या एका क्षणात तुम्हाला दोन वाटा दिसल्या असतील: सासऱ्याच्या तोंडावर ‘तुमच्या दुधानं केलं’ म्हणायचं, नाही तर साळ्याच्या हातातली वायर दाखवायची. तुम्ही वायर दाखवलीत.

मी बोललो, भाऊजी. तिथंच बोललो. “दूध गेलं मांगून! म्या पाह्यलं!”

बाबा म्हणाले, “चूप बस. जवाईबुवा खोटं बोलतीन का?”

तुम्ही खाली बघत वायर गुंडाळत होता.

त्याचं पुढे काय काय झालं ते तुम्हाला कधी कळलंच नाही, कारण तुम्ही सणाला येत होता आणि मी त्या घरात राहत होतो. बाबांनी त्या दिवसापासून मला मोटरच्या स्टार्टरला हात लावू दिला नाही. “तुह्या हातात आग आहे,” म्हणत. मळ्याला पाणी द्यायचं तर मी विहिरीपाशी जाऊन उभा राहायचो आणि बाबा काठी टेकत येऊन बटण दाबायचे. मी चाळिशी ओलांडली तरी. बाबांना दम लागायचा, तरी. बाजारातले लोक हसायचे, “दामूशेठ, बाप आला का बटण दाबाले?” मी त्यांना सांगायचो की आमच्या मोटरला बाबांचा अंगठाच ओळखू येतो, दुसऱ्याचा लागला तर ती उलटी फिरून विहीर भरते. लोक हसायचे. मी आयुष्यभर माझी लाज अशीच हसण्यात बुडवून वर काढली. बाबा गेले ते हेच मनात घेऊन गेले की पोराच्या हाताला गुण नाही.

आणि तुम्ही? लग्नकार्यात माझी ओळख करून द्यायचात, “हे आमचे साळे. यांना जेवायला द्या, अडॅप्टर देऊ नका.” तुमच्यासारखा मितभाषी माणूस विनोद करतो म्हटल्यावर पंगत दुप्पट हसायची. माझ्या पोरीच्या लग्नातही तुम्ही तो केलात. नवरदेवाकडचे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो, माझं हसणं तर तिसऱ्या आळीपर्यंत ऐकू गेलं. घरी येऊन फेटा काढला तेव्हा बायको म्हणाली, “किती दाबून बांधला तुमी, कपाळावर वळ उठला.” मी फेट्याचंच नाव सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मग येत कशाला होतास दर रविवारी?

येत होतो. अमरावतीची गाडी पकडायचो, पिशवीत ताईसाठी मोगरा, आणि आपण दोघं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काळीला उघडायचो. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण यात खोटं घालायला जागाच नाही: ते रविवार माझ्या आयुष्यातले चांगले रविवार होते. तुम्ही मीटरच्या सुया टेकवायचात, मी टॉर्च धरायचो. “इथे किती?” तुम्ही स्वतःलाच विचारायचात आणि स्वतःच उत्तर द्यायचात. एक एक चिप बोटानं चाचपायचात, कुठली जास्त तापते ते बघायला. टीव्हीवर नुसत्या उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या यायच्या. ताई म्हणायची, “इतक्या वर्साची मेहनत, आन् आणली काय तं झेब्रा!” तुम्ही शिकवलेली गोष्ट मी विसरलो नाही: बिघाड शोधताना अंदाज करायचा नाही, एका टोकाकडून सुरू करायचं आणि जे चांगलं आहे ते बाजूला काढत जायचं. उरेल तो बिघाड.

पण तुम्ही नेहमी एकाच टोकाकडून सुरू करायचात. अडॅप्टरच्या टोकाकडून. वीज जिथून आत येते तिथून. मी म्हणायचो, “भाऊजी, मांगून पाहू न एकदा. त्या खाचीपासून.” तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. “टॉर्च थोडा डावीकडे.”

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी पोर गणितं सोडवत बसायची. तुम्ही एक डोळा काळीवर आणि एक तिच्या वहीवर ठेवायचात. आज ती पुण्याला मोठ्या कंपनीत संगणकावरच काम करते. ते तुमचं आहे, भाऊजी. माझ्या घरात फुलं मोजायलाही माणसं बोटं वापरायची. तुम्ही तिला शिकवलंत, रागावला नाहीत, कंटाळला नाहीत, एका शब्दानं कधी उपकार दाखवला नाही. हे मी मान खाली घालून मानतो. आणि तुम्हीच तिला शिकवलंत की तिच्या बापानं काळी जाळली. मी एकदा तिला दुधाची गोष्ट सांगितली, तर हसून म्हणाली, “बाबा, पुन्हा ते नको.” हेही तुमचंच.

मग एक दिवस तुम्ही निदान केलंत. “एक स्मृतीची चिप गेली आहे. ती मिळाली तर बघता येईल. पण ही आता कोणी बनवत नाही.” मी उठलो आणि चिपच्या मागे लागलो. नागपूरच्या भंगार बाजारात गेलो, हैदराबादेला फुलं घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्यांना चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. शेवटी नागपूरलाच, जुन्या मशीनच्या ढिगात, एका मेलेल्या सर्किटच्या पाटीवर ती सापडली. मी पकडीनं ओढून काढली, त्यात तिचा एक कोपरा तुटला. ती मी चुन्याच्या डबीत कापूस घालून, बाळंतिणीला आणतात तशी अमरावतीला आणली. भंगारवाल्याच्या कुत्र्यांशी मी कसा लढलो ते ताईला सांगत होतो, तोवर तुम्ही भिंग लावून चिप उलटीपालटी केलीत.

“ही नाही, दामोदर. नंबर जवळचा आहे, पण ही नाही.”

“मंग फेका.”

“राहू दे. ठेवतो.”

त्यानंतर काळी कपाटात गेली. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, “चिप मिळाल्याशिवाय उघडून फायदा नाही.” रविवार तसेच चालू राहिले. मोगरा, चहा, वर्तमानपत्र. फक्त टेबलावर काळी नसायची. तुम्ही रिटायर झाला होता, दुपारी झोपता असं ताई सांगायची.

या उन्हाळ्यात आपलं शेवटचं भांडण झालं. मी भांडायला आलो नव्हतो. डॉक्टरनं मला साखर सांगितली होती आणि गाडीत बसल्या बसल्या वाटलं, आता किती दिवस हे मनात ठेवायचं. चहा समोर आला आणि मी म्हणालो, “भाऊजी, चिप गेली खड्ड्यात. काळी गेली खड्ड्यात. बाबा गेले, उद्या मी बी जाईन. एक वेळ म्हणा, दूध गेलं. लोकायसमोर नोका म्हणू. इथं म्हणा. मले म्हणा.”

तुम्ही बशीतला चहा हलवत बसलात. मग म्हणालात, “पुरावा आहे?”

मी पिशवी उचलली. ताई आतून ओरडली, “च्या तं पेऊन जाय!” मी थांबलो नाही. ऑटोत बसताना तुम्ही फाटकापर्यंत आला होता, बनियनवर, हातात तीच बशी. “दामोदर,” म्हणालात. एवढंच. ऑटोवाल्यानं ऑटो चालू केला, पुढचं त्या आवाजात बुडालं. त्याच्या पुढचा शब्द काय होता, भाऊजी? मी पुष्कळ शब्द लावून बघितले. इतकी वर्षं लोकांच्या तोंडी मी हवे ते शब्द घातले, गप्पा हाकताना वाघाच्याही तोंडी घातले, पण तुमच्या तोंडी एक शब्द मला घालता येत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या घरी आलो तेव्हा फाटक उघडंच होतं आणि बाहेर चपलांचा ढीग होता.

काल दुपारी पाहुणे पांगले. ताईनं कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेली काळी माझ्यासमोर ठेवली. “घेऊन जाय. तुहाच जीव होता याच्यात.” सोबत अडॅप्टर होता, वायर होती, आणि माळ्यावर तुमचा तो छोटा टीव्ही. ती स्वयंपाकघरात गेली. मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

स्क्रू काढले. कळपाटी तुम्ही सांगायचात तशी हळू उचलली, तिच्या पट्ट्या वाळून कडक होतात आणि तुटतात म्हणून. आणि मी, भाऊजी, एका टोकाकडून सुरुवात केली. मागच्या टोकाकडून. कधीपासून मला बघायची होती ती खाच.

ती चकचकीत होती. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या डब्याची पाठ, आणि पिवळ्या पट्ट्या सोनाराकडून आणल्यासारख्या. कोणीतरी खोडरबरानं घासून घासून साफ केल्या होत्या. रबराची गुलाबी भुरकी अजून कोपऱ्यात अडकली होती. एका फटीत पांढरट कवच राहिलं होतं, नखानं उकरलं तर पापुद्रा निघाला. दुधाचं भांडं न धुता ठेवलं की बसतं तसं. मग मी आत बघितलं. चिपांच्या रांगेत एक चिप वेगळी होती, नव्या खोबणीत बसवलेली.

तिचा एक कोपरा तुटलेला होता.

मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. माझीच. नागपूरच्या भंगारातली, चुन्याच्या डबीत आणलेली. ‘ही नाही, दामोदर.’ ती तुम्ही बसवली होती, भाऊजी. खाच साफ करून, दूध उकरून, माझी चिप बसवून तुम्ही काळी जिवंत केली होती आणि मला सांगत होता की चिप मिळत नाही. मी फुलांचे ट्रक सोडून जी शोधत फिरलो ती तुमच्या कपाटात, काळीच्या पोटात, धडधडत होती.

मी लगेच चालू केली नाही. अडॅप्टर हातात घेऊन बसलो. तोच, काळा, चौकोनी. ज्यानं जाळलं म्हणून माझ्या बापानं मला मोटरला हात लावू दिला नाही, तो. मग टीव्ही जोडला, अडॅप्टर लावला, खटका दाबला. तेव्हाही मी एक पाऊल मागे सरलो, लाज वाटते सांगायला. धूर नाही. पट्ट्या नाहीत. पडदा काळा झाला, मग पांढरा झाला आणि खाली एक ओळ उमटून थांबली, वाट बघत.

तुम्ही पुरावा मागितला होता. मी दोन ओळींचा मंत्र टाकला. काळीला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. रबराची बटणं बोटाला तशीच मऊ लागत होती. पहिल्या ओळीत मी लिहिलं: दूध माझ्या हातून गेलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं, पुन्हा पहिलीकडे जा. आणि दाबलं.

भाऊजी, तुमचा टीव्ही भरून वाहायला लागला. दूध माझ्या हातून गेलं. दूध माझ्या हातून गेलं. वरून खाली, थांबायचं नाव नाही. जे एकदा, फक्त मला, चहाच्या बशीवरून म्हणायला तुम्हाला जमलं नाही, ते तुमच्या घरात, तुमच्या टेबलावर, तुमच्या काळीनं म्हणायला सुरुवात केली आणि थांबेना. मी बघत राहिलो. हे वाक्य माझंच होतं, मीच टाकलेलं होतं, हे मला कळत होतं. तरी बघत राहिलो. बाबा असते तर म्हणाले असते, बस कर, सरून जाईन. सरलं नाही.

“ताई!” मी ओरडलो. हर्रासाच्या आवाजात ओरडलो. “ताई, चालू झाली!”

ताई पदराला हात पुसत आली. चष्मा नाकावर घेतला, पडद्यावरचं एक एक अक्षर लावून वाचलं.

“चालूच तं होती,” ती म्हणाली. “रिटायर झाले तवाच केली त्यायनं. दुपारी खेळत बसत, सापाचा का कशाचा खेळ.”

“आन् हे दुधाचं?”

“मांगून गेल्तं ना. सांगतलं त्यायनं मले, उघडलं तवा. हासत होते.”

“मंग मले काहून नाही सांगतलं?” मी खुर्ची सरकवून उभा राहिलो. “त्यायनं नाही, तं तू तरी? काहून नाही सांगतलं, ताई?”

तिनं टेबलावरचे स्क्रू गोळा करून बशीत ठेवले.

“तुले सांगून काय फायदा होता?” ती म्हणाली. “तुह्यं कोन खरं मानते?”